डोंगर छातीवर छापायचा नसतो

जुलै लागला की महाराष्ट्रातला वाद इथे स्कॉटलंडपर्यंत पोचतोच. ट्रेकला एवढं महाग जॅकेट कशाला, मावळ्यांनी काय गोअर-टेक्सचं वॉटरप्रूफ कापड घातलं होतं? समोरचे ब्रँडची नावं फेकतात. आणि या भांडणात तिसराच कुणी काळ्या पॉलिस्टरवर राजगडाची रेघ छापून ‘सह्याद्रीप्रेरित’ म्हणून विकतो. माझी चिडचिड होते ती या तिसऱ्यामुळे.

डोंगरावरून कापड कसं काढतात ते स्कॉटलंडमध्ये बघावं. एकोणिसाव्या शतकात इथल्या इस्टेटींनी, म्हणजे हरणांच्या शिकारीच्या मोठ्या खाजगी जमिनींनी, आपापलं ट्वीड, म्हणजे जाड लोकरी कापड, ठरवून घेतलं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट, त्याच्या बाल्मोरल इस्टेटच्या ट्वीडचा करडा रंग तिथल्या ग्रॅनाइटचा. खरी करामत रंगाईत आहे. चांगल्या ट्वीडचं सूत रंगवत नाहीत, लोकरच रंगवतात. पिवळी, निळी, जांभळी, गंजकट लोकर तोलून एकत्र पिंजायची आणि मग कातायची. लांबून हिरवट-करडा वाटणारा धागा डोळ्याजवळ धरला की त्यात हेदरची जांभळी झुडपंही दिसतात आणि वाळलेलं ब्रॅकन नेचंही. मग नमुना विणून थेट उतारावर न्यायचा आणि दुरून बघायचा. चौकडी फार बारीक पडली तर सगळे रंग मिसळून एकच गडद डाग उरतो, आणि हलता डाग हरणाला लगेच कळतो. लाल रेघ चालते, कारण लाल-हिरव्यातला फरक हरणाला नीट दिसत नाही. फिक्या-गडदाचा तोल चुकला तर मात्र फसलं.

पण याचीही नक्कल तिकडे नको. लपायचं असतं शिकाऱ्याला. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात चुकलेला माणूस दिसला पाहिजे, तिथे कातळाचा काळा घातच करेल. भडक नारिंगी घ्या. सह्याद्रीकडून रंग नाही, पाऊस उचला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आमच्या फोर्ट विल्यमला, या स्कॉटिश गावाला, दोन हजारांच्या. इथली हवा थंड, त्यामुळे जॅकेटातली वाफ बाहेर निघते. तिकडे बाहेरचीच हवा उबदार आणि वाफेने तुडुंब, घाम जाणार कुठे? माणूस आतून भिजतो आणि ‘गळतंय’ म्हणून कंपनीला शिव्या घालतो. म्हणून काखेत वीत-दीड वीत चेन हवी, घेर ढगळ हवा, हूडला पुढे छज्जा हवा. खांद्यावर शिवण तर नकोच. सॅकचा पट्टा नेमका तिथे घासतो, शिवणीवरची आतली टेप सुटते आणि सुईच्या भोकांतून पाणी उतरतं.

कोकणातल्या इरल्याने हे कधीच सोडवलंय. बांबूचा सांगाडा, त्यावर पानं. लावणीला वाकलेल्या पाठीवर छप्पर, पोटाकडून सगळं उघडं, वारा खेळता. एकही शिवण नाही. घोंगडीची खोळ भिजली की जड होते, पण ऊब सोडत नाही. मावळ्यांचा दाखला देणाऱ्यांनी निदान एवढं तरी सांगावं.

वर ‘आमच्या फोर्ट विल्यमला’ असं सहज लिहून गेले. इस्टेटचं ट्वीड टार्टनसारखं, त्या स्कॉटिश चौकडीसारखं, घराण्याचं नसतं; त्या जमिनीवर राहणाऱ्या-राबणाऱ्यांचं असतं. तो हिशेब लावला तर माझ्या अंगावर यावं असं एकही कापड इथे नाही. मनरो, म्हणजे इथले तीन हजार फुटांवरचे डोंगर, चढताना घालते ते जॅकेट निळं आहे, कुठल्याच डोंगराचं नसलेलं. आणि ज्या इरल्याचे एवढे गोडवे गायले, ते मी पाठीवर कधी घेतलेलं नाही.