ठेचा, रॉकी आणि मी

पंतप्रधान जिल्ह्यात येणार म्हटल्यावर संपादकांचा फोन आला, "काहीतरी वेगळं दे." मानधनाच्या बाबतीत त्यांना कधी काही वेगळं सुचलं नाही, पण ते असो.

पाससाठी दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि पोलीस पडताळणी. पडताळणीला हवालदार आला तो नेमका तोच, ज्याच्या हद्दीतल्या मटक्याची बातमी मी मागच्याच महिन्यात छापली होती. त्यानं माझं चारित्र्य बराच वेळ न्याहाळलं.

सभा चारची, प्रेसला हजेरी अकराची. दारातच पाण्याची बाटली जप्त. पेन उघडून, फुंकून, कागदावर चालवून पाहिलं. मग रॉकी नावाचं काळं कुत्रं माझ्या डब्याशी आलं, हुंगलं आणि लागोपाठ तीनदा शिंकलं. सगळे सावध!

"क्या है इसमें?"

"ठेचा."

"खाके दिखाओ."

खाऊन दाखवला. बाटली आधीच गेली होती, हे आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

खिशात एक प्रश्न होता, घडी घातलेला. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, त्या दिवसापासूनचा. मे 2024 मध्ये बंदी उठली, प्रश्न बसूनच राहिला. आमच्यातले जुने बातमीदार सांगतात, नेहरू नेमानं पत्रकार परिषदा घ्यायचे. मनमोहनसिंगांनी 3 जानेवारी 2014 ला दिल्लीत शेवटची घेतली, तेव्हा आजच्या माध्यमांपेक्षा इतिहास आपल्याला सांभाळून घेईल, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली होती. मे 2019 मध्ये मोदी पत्रकार परिषदेला आले, पण प्रश्न अमित शहांकडे गेले. माझा प्रश्न तर बांबूच्या कुंपणाआड, डोळ्यांतून पाणी गाळत बसलेला. शेजारच्या वाहिनीवाल्याला वाटलं, मी भारावलोय. त्यानं माझा बाईट घेतला.

भाषण झालं. कॅमेरावाल्यांच्या तिवईच्या पायांमधून मला एक हात दिसला. हलत होता, एवढं खात्रीनं सांगतो.

संध्याकाळी रेंज आल्यावर संपादकांना फोन लावला.

"अरे, भाषण एजन्सीचं लावलं कधीच. तुझ्याकडे काय आहे?"

मी चाचरत कुत्र्याचं सांगितलं.

"हे दे! चौकट करतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट होती: 'ठेच्यानं रॉकीलाही ठसका'. वर रॉकीचा रंगीत फोटो. खाली, बारीक अक्षरात, 'वार्ताहराकडून'.