‘ॲनिमल फार्म’ समाजवादाविरुद्ध नाहीये

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय की इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने ‘ॲनिमल फार्म’ ही कादंबरी (शेतावरची जनावरं मालकाविरुद्ध बंड करतात आणि मग डुकरंच नेते होऊन बसतात ती गोष्ट) समाजवादाची खिल्ली उडवायला लिहिली, आणि गरिबांनी बंड केलं की वाटोळंच होतं हा त्याचा धडा. साफ चुकीचं आहे हे. ऑर्वेल शेवटपर्यंत समाजवादीच होता, स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांच्या बाजूच्या जनरल फ्रँकोविरुद्ध लढला, १९३७ मध्ये गळ्यात गोळी लागली, आणि तिथेच स्टालिनच्या लोकांनी आपल्याच बाजूच्या डाव्यांना गद्दार ठरवून कसं पकडलं ते त्याने जवळून बघितलं, पुस्तकातला राग तिथला आहे. १९४६ च्या लेखात त्याने सरळ लिहिलंय की १९३६ पासूनचं माझं सगळं गंभीर लेखन हुकूमशाहीविरुद्ध आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूने आहे.

पुस्तकातला दूध आणि सफरचंदांचा प्रसंग परत वाचा प्लीज. डुकरं म्हणतात आम्ही डोक्याचं काम करतो म्हणून हे आम्हालाच पाहिजे, नाहीतर जुना मालक जोन्स परत येईल, आणि बाकीची जनावरं मुकाट्याने मान्य करतात. ऑर्वेलने एका पत्रात लिहिलं होतं की गोष्ट वळते ती इथेच, तेव्हाच जनावरांनी ठाम राहायला हवं होतं. म्हणजे बंडानंतर नेत्यांवरची नजर हटवू नका, हा इशारा आहे.

आणि १९५४ चा कार्टून सिनेमा बघून पुस्तकाबद्दल बोलू नका. त्यात सीआयएचा (अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचा) पैसा होता आणि शेवटही बदललाय, सिनेमात जनावरं डुकरांवर चाल करून जातात, पुस्तकात मात्र माणूस कोण न डुक्कर कोण हेच कळेनासं होतं.