आधी नीट बघा, मग फॉरवर्ड करा

माझ्या भाचीच्या कथ्थक क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सेनेगलच्या किनाऱ्यावर आफ्रिकी नर्तक जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउशचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ नाचतायत. वसंतासाठी एका मुलीचा बळी दिला जातो, अशी त्याची गोष्ट. त्या व्हिडिओखाली लिहिलंय: हा मातीतला धिंगाणा, नाचणारे अडाणी, मूळ कलाकारांशिवाय जुनं नृत्य करणं म्हणजे फसवणूक, युरोपने आफ्रिकेला नाचवलं, आणि स्त्रीचा बळी मुलींना दाखवू नका. कॉलेज रोडवरच्या शिकल्यासवरल्या आईबापांनी त्याला अंगठे दिलेत.

त्या व्हिडिओत माती नाहीच, वाळू आहे. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे डाकारचा प्रयोग थांबला, म्हणून शेवटची तालीम किनाऱ्यावर चित्रित केली. रंगमंचावर मात्र माती मुद्दाम अंथरतात. पाय रुततात, दम लागतो, अंग माखतं. तेच हवं असतं.

‘अडाणी’ या शब्दाने माझं डोकं फिरलं. हे नर्तक 14 देशांतले, निवडचाचणी देऊन आलेले. तालमी जर्मेन अकोन्यी यांच्या सेनेगलमधल्या ‘एकोल दे साब्ल’ या नृत्यशाळेत झाल्या. स्वतःची नृत्यपद्धती घडवणाऱ्या या बाईंना 2021 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलामहोत्सवाचा जीवनगौरव मिळाला. शिकवायला पिनाबरोबर वर्षानुवर्षं नाचलेल्या जो अ‍ॅन एंडिकॉट होत्या. या नृत्याला संगीत रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं. त्यात ताल सारखा बदलतो, सम धरायला जागा मिळत नाही, आणि तिथे तीसहून जास्त माणसं एकदम हलतात. साडेनऊ मात्रांत आपल्या मुलींची किती दमछाक होते, हे याच पालकांनी पाहिलंय. तरी माणसं काळी दिसली म्हणून शिक्षण नसणार, असं धरून चाललेत. ही निव्वळ वर्णद्वेषी समजूत आहे.

फसवणूक कसली? 1975 चं हे नृत्य खुद्द पिनानेच 1997 मध्ये पॅरिस ऑपेरा बॅलेला दिलं. 2009 मध्ये ती गेली. आता तिचे नर्तक पुढच्यांना देतायत. याच संगीतावरची पहिली, निजिन्स्कीची 1913 ची नृत्यरचना अशी हातोहात कुणाला मिळाली नाही. थोड्याच प्रयोगांनंतर ती हरवली आणि 1987 मध्ये चित्रं, टिपणं, आठवणी जुळवून उभी करावी लागली. आपल्या क्लासातला प्रत्येक तोडाही कुणाच्या तरी गुरूकडूनच आलाय.

युरोपचा मुद्दा थोडा खरा आहे. नृत्य जर्मन, हक्क पिनाच्या नावाच्या जर्मन फाउंडेशनकडे. पण त्याच कार्यक्रमात अकोन्यींनी पिनाची जुनी नर्तकी मालू ऐरोदो हिच्याबरोबर रचलेलं स्वतःचं नृत्यही होतं, हे फॉरवर्डवाल्याने लिहिलेलं नाही.

आणि बळी. लाल कपडा एकीकडून दुसरीकडे जातो, प्रत्येकीला तो आपल्या हातात नको असतो. शेवटी निवड पुरुष करतो आणि ती मरेपर्यंत नाचते. यात बळीचं कौतुक कुठे आहे? सोळा वर्षांच्या मुलीला हे उत्तम कळतं. मी भाचीला दाखवलंय. ज्यांनी फॉरवर्ड टाकला त्यांनी निदान त्यातली ‘अडाणी’ची ओळ मागे घ्यावी, तीही ग्रुपवरच.