भावोजींचा हात साफ आहे

गटारी जवळ आली की ज्यांना सल्ला लागतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. श्रावण पाळणारी मंडळी आदल्या रात्री महिन्याभराचं उरकून घेतात आणि उरकलं की घरी जायचं असतं. लालबागहून मुलुंडला, दादरहून वाशीला, अंधेरीहून विरारला. शेवटची लोकल गेलेली असते, गाडी खाली उभी असते, किल्ली खिशात असते. अशा वेळी काय करावं हे शाळेत कोणी शिकवलं नाही, म्हणून मी शिकवतो. माझी पात्रता विचाराल तर मी स्वतः पिऊन कधी गाडी चालवलेली नाही. मी शेजारी बसून आमच्या भावोजींना चालवायला लावली आहे. ते पुढे येईलच.

पहिला नियम, मोजायचं नाही. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर सगळं मिळून दीड ग्रॅम. पोह्यांवर लिंबू पिळलं तरी त्याहून जास्त पडतं. आता आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिलीच्या एका लार्जमध्ये वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. ते सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात पसरलं की रक्तातला आकडा चाळीसच्या आसपास जातो. म्हणजे पहिला लार्ज संपून वेटर शेंगदाण्यांची दुसरी वाटी आणेपर्यंत तुम्ही कागदोपत्री बाद झालेले असता. असा हिशेब करत बसलं तर बैठकीचा रंग जातो. म्हणून पेग मोजावेत, मिलिलिटर नव्हे. घरी बसला असाल तर बोटांनी मोजावं, आणि बोटं सगळ्यात जाड माणसाची घ्यावीत. मग रात्री कोणी विचारलंच, तर 'दोनच घेतले' हे तुम्ही अगदी खरं सांगत असता.

ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी 'मी फक्त बिअर घेतो' म्हणावं. बिअर पिणाऱ्याकडे समाज शहाळं पिणाऱ्यासारखं बघतो. साडेसहाशे मिलीची एक स्ट्राँग बाटली आठ टक्क्यांची असेल, तर तिच्यात दोन लार्जएवढं अल्कोहोल असतं. पण ती थंड असते, तिला फेस येतो, ती दारूसारखी दिसत नाही. आमच्या एका मित्राने तीन बाटल्या घेऊन 'मी आज पीत नाहीये' असं सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं होतं.

टेबलावर लंडनला जाऊन आलेला एक गृहस्थ असतोच. 'तिकडे ऐंशी चालतं रे, आपल्याकडेच सगळी कटकट.' त्याला हमखास पाठिंबा द्यावा. आपल्या तीसच्या जागी इंग्लंडमध्ये खरंच ऐंशी आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २०१४ मध्ये ऐंशीचे पन्नास केले आणि स्वीडनमध्ये वीसच आहे, हे त्याला सांगू नये. तो हिरमुसेल, आणि बिल बहुधा तोच देणार असतो.

आता महत्त्वाचं. निघताना आपल्याला कितपत चढली आहे हे कसं ठरवायचं? सोपं आहे, स्वतःलाच विचारायचं. दारू सगळ्यात आधी माणसाचा अंदाज आणि विवेक ढिला करते. पाय लटपटणं, जीभ जड होणं हे बरंच नंतरचं. त्यामुळे स्वतःला विचारलं की उत्तर नेहमी 'काही नाही रे, ठीक आहे' असंच येतं. परीक्षा घेणारा, देणारा आणि निकाल लावणारा एकच असला की नापास कोण होणार? दुसऱ्याला विचारायचं असेल, तर ज्याने तुमच्याइतकीच घेतली आहे अशालाच विचारा. मी भावोजींना हेच सर्टिफिकेट दिलं होतं. 'भावोजी, तुम्हीच चालवा. तुमचा हात साफ आहे.' ताई माहेरी होती, नाहीतर ती वेळच आली नसती.

आणि चढायच्या आत निघायचं, ही भावोजींची थिअरी. 'आत्ता घेतलीय ना, लागायच्या आत घरी पोचू.' मला ती तेव्हा फार शास्त्रीय वाटली होती. प्यायलेलं रक्तात पूर्ण उतरून शिखराला जायला अर्धा ते दीड तास लागतो, पोट भरलेलं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे बारमधून बाहेर पडताना तुम्ही जेवढे चढलेले असता, त्याहून जास्त चढलेले सायनच्या सिग्नलला असता आणि घाटकोपरला आणखी. निघतानाचा तो शेवटचा 'एक स्मॉल' तर थेट हायवेवर भेटायला येतो. गाडी आणि आकडा एकत्रच पुढे सरकत असतात. थिअरीत एवढीच किरकोळ खोट.

उतरवायचे उपाय मात्र आपल्याकडे भरपूर. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने तोंड धुणं, पार्किंगमध्ये दोन चकरा. सगळे करावेत, कारण त्यात वेळ जातो आणि उपयोग होतो तो वेळेचाच. यकृत आपल्या चालीने १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम उतरवतं. ते सरकारी खिडकीसारखं आहे, रांग वाढली म्हणून हात भरभर चालत नाही आणि कॉफी पाजली तरी खूश होत नाही. कॉफीने होतं एवढंच, की झोपाळू बेवड्याचा जागा बेवडा होतो. एका क्वार्टरचा, म्हणजे तीन लार्जचा, हिशेब आठ तासांवर जातो. रात्री एकला थांबून सकाळी सातला पोरांना क्लासला सोडायला निघणारे बाप दाढी-आंघोळ करून, कपाळाला गंध लावून निघतात. रक्तात मात्र रात्रीचे दीड-दोन वाजलेले असतात.

वेलची, पान, मिंटची गोळी यांचं वेगळं आहे. त्या बायकोच्या नाकासाठी बनलेल्या वस्तू आहेत. पोलिसांच्या फुंकायच्या मशीनला नाक नसतं. ते फुफ्फुसाच्या तळातली हवा मागतं. तिथे रक्तातलं अल्कोहोल श्वासात उतरत असतं, साधारण एकवीसशेला एक या प्रमाणात, आणि मशीनच्या आतल्या प्लॅटिनमवर त्याची वीज होते. जेवढं अल्कोहोल तेवढी वीज, तेवढा आकडा. माहीमला एकदा आमच्या पुढच्या गाडीत हा प्रकार जवळून बघितला. हवालदारांनी पिशवीतून नवी नळी काढली, मशीनला लावली आणि म्हणाले, 'फुंका.' गाडीतल्या गृहस्थांनी गाल फुगवून वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी फुंकर घातली. 'साहेब, गालातनं नको. पोटातनं. फुंका, फुंका, फुंका... अजून... अजून...' गृहस्थांचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले, आणि शेवटच्या त्या हवेवरच मशीन 'टीं' करून वाजलं. त्यांनी आधी अख्खं मसाला पान खाल्लं होतं. सुगंध आमच्या गाडीपर्यंत येत होता.

फुंकायलाच नकार द्यावा, असा सल्ला देणारा वकील प्रत्येक ग्रुपवर असतो. जरूर द्यावा. मोटार वाहन कायद्याचं कलम २०३ म्हणतं, नकार देणाऱ्याला, दारूचा संशय असेल तर, वॉरंटशिवाय अटक करता येते. कलम २०५ म्हणतं, सबळ कारण नसेल तर तुमचा नकार हा तुमच्या स्थितीबद्दलच्या पोलिसांच्या पुराव्याला दुजोरा, असं कोर्ट धरू शकतं. पण ग्रुपवरच्या वकिलाची फी नसते, हाही मुद्दा आहेच.

जाता जाता आपल्या राज्याची एक गंमत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि नियमाप्रमाणे दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो. आपल्या 'परमिट रूम'मधलं परमिट ते हेच. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात ते असतं, हा प्रश्न वेटरला विचारून बघा. बाहेर पडल्यावर मात्र दुसरा परवाना दाखवावा लागतो, आणि तो कोर्ट काढून घेऊ शकतं.

पैशाचंही बोलायला हवं, आपण हिशेबी माणसं. लालबागहून मुलुंडला टॅक्सीने जायचं तर पाच-सहाशे रुपये. त्यात मध्यरात्रीनंतर काळी-पिवळी सव्वापट घेते. ही उघड लूट आहे. साडेतीन हजारांच्या बिलावर अडीचशे टिप ठेवून आलेल्या माणसाने ही लूट का सोसावी? त्यापेक्षा पिऊन चालवण्याचं कलम १८५. पहिल्या वेळेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. गाडी ठोकली तर विमा कंपनी तुमच्या गाडीचा क्लेम नाकारते, आणि समोरच्याला जे द्यावं लागलं ते तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. टॅक्सीचे सहाशे वाचतात ते वाचतातच.

कलम १८८ बद्दल मला स्वतःला फार उशिरा कळलं. पिऊन चालवायला जो फूस लावतो, त्यालाही चालवणाऱ्याचीच शिक्षा आहे. 'तुमचा हात साफ आहे' म्हणणाऱ्याला, म्हणजे मला. हे कलम काही फार प्रसिद्ध नाही, आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्यांच्या दृष्टीने ते तसंच राहिलेलं बरं.

आणि रात्री रस्ते मोकळे असतात, धडकायला असतं कोण? हा शेवटचा युक्तिवाद सगळ्यात पक्का. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर दोन टॅक्स्या एकापुढे एक उभ्या करा, तेवढं अंतर जास्त. पण मोकळ्या रस्त्यावर त्याने काय होतं? मुंबईत रात्री रस्ते रिकामे असतात, फुटपाथ रिकामे नसतात, एवढाच फरक. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याला कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात माणसं गेली. चालवणाऱ्याची तीन वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने कायम करेपर्यंत २०१२ उजाडलं होतं.

तर भावोजी. त्या रात्री लालबागहून एक वाजता निघालो. किल्ली इग्निशनमध्ये तिसऱ्या प्रयत्नात गेली, त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काच खाली केलेली, भावोजी नाट्यगीत म्हणत होते, परळच्या आसपास कुठेतरी 'टक्' असा आवाज आला आणि भावोजी म्हणाले, 'खड्डा.' मी म्हणालो, 'खड्डाच.' महापालिकेला शिव्या घातल्या. नाकाबंदी लागली नाही. मुलुंडला गाडी अशी सुरेख लावली की दोन्ही बाजूंना सारखी जागा. हात साफच.

सकाळी वॉचमनने बेल वाजवली. 'साहेब, डाव्या बाजूचा आरसा कुठाय?'

आरसा नव्हता. त्याच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. भावोजी अर्धा मिनिट त्या वायरींकडे बघत राहिले, मग मी. चहा न घेता आम्ही टॅक्सी केली, आदल्या रात्री जी परवडत नव्हती तीच. रात्रीच्या रस्त्याने उलटे निघालो. घाटकोपर, सायन, माटुंगा, दोघंही फुटपाथाकडे बघत होतो आणि काय शोधतोय ते टॅक्सीवाल्याला सांगत नव्हतो. परळला हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर गावाहून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक राहतात, झोपतात, स्टोव्हवर भात लावतात. तिथे उतरलो.

रेलिंगजवळ एक पन्नाशीचा माणूस उकिडवा बसला होता. शेजारी वळकटी, एक्स-रेचं मोठं पाकीट, पाण्याची बाटली. रेलिंगच्या दोन गजांमध्ये त्याने आमचा आरसा अडकवला होता आणि त्यात बघून तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस होता. भावोजींनी आरशाकडे बोट दाखवलं, तोंडातून शब्द फुटेना. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

'तुमचा का? रात्री उशाशी येऊन पडला,' तो म्हणाला. 'थांबा जरा. एवढी बाजू होऊ द्या.'

आम्ही थांबलो.