पाचशे रुपयांचं मत आणि पाचशे रुपयांचा खाडा

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ऊसतोड मजुरांबद्दल नेहमीचाच सूर लागला. "हे लोक पाचशे रुपयांत मत विकतात, म्हणून राजकारणाचं वाटोळं झालंय." लिहिणारे गृहस्थ पगारी सुट्टी घेऊन, सोसायटीसमोरच्या शाळेत मत देऊन, शाईच्या बोटाचा फोटो टाकणाऱ्यांपैकी. तिथं वाद घातला नाही, म्हणून इथं जरा सविस्तर.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं आणि सरकारने साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाची तारीख दिली 15 नोव्हेंबर. बीड, जालना, पाथर्डी, शेवगाव इकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे, पार कर्नाटकापर्यंत निघालेल्या असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. हंगाम पुढे ढकला म्हणून ओरड झाली. पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेला माणूस तारखेवर वाद घालत नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमाचा निरोप आला की ट्रॅक्टरमध्ये बसतो.

कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, कलम 135ब: मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, आणि रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी. नाही दिली तर मालकाला दंड, जास्तीत जास्त 500 रुपये. आता ऊसतोड मजुराचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम म्हणतो, मीही टोळीतलाच. थोडक्यात, दंड करायला कागदावर कुणीच सापडत नाही. उलट मजुराने एक दिवस कोयता खाली ठेवला तर त्याचा खाडा धरतात, म्हणजे गैरहजेरीचा दंड कापतात. 2019 मध्ये, पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा खाड्याचा जो आकडा बाहेर आला तोही दिवसाला 500 रुपयेच होता. तो मात्र बिनबोभाट वसूल होतो.

तरीही ही माणसं मत देतात. कशी? तर गाडी येते. 15 जानेवारी 2021 ला, ऐन हंगामात, राज्यातल्या 14 हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान होतं. पाच-सात मतांवर सरपंचकी फिरते, त्यामुळे पॅनलवाले फडावर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतावर, जीप पाठवतात. रात्रीचा प्रवास, सकाळी बटण, वाटेत जेवण, खाडा पॅनलच्या खिशातून, संध्याकाळी पुन्हा फडात. आमच्या ओळखीच्या टोळीतल्या एका मावशींना मी विचारलं होतं, मत कुणाला देणार? वाडं (उसाचे हिरवे शेंडे) बांधता बांधता, वर न बघता म्हणाल्या, "गाडी कुणाची येतीय बघू की आधी."

यालाच आपण मत विकणं म्हणतो. माझ्या मते हा खाडा आणि डिझेलचा हिशेब आहे, जो खरं तर व्यवस्थेने चुकता करायचा होता. पैसे घेऊन मत देणारे नसतातच असं नाही, पण ते बंगल्यांतही आहेत, तिथं पाकीट जाड असतं एवढंच.

मजुरीचंही तसंच. तोडणीचा दर ठरतो तो नेत्यांच्या लवादात. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाली ती शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीतून. ज्या माणसाची मजुरीच नेता ठरवतो, तो त्या नेत्याला सोडून जाहीरनामा वाचत बसेल? त्याचं युनियन, लेबर कोर्ट, पीएफ ऑफिस, सगळं मुंडेंच्या त्या एका घराण्यात. गोपीनाथ मुंडेंवरची माया नुसती जातीची म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी फडावर एक थंडी काढावी.

निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये स्थलांतरितांना आहे तिथूनच आपल्या मतदारसंघात मत देता यावं म्हणून दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव पक्षांपुढे ठेवला. पक्षांनी शंका काढल्या, तो बारगळला. शंका अगदीच खोट्या नव्हत्या. ऊसतोडीपुरतं बोलायचं तर कारखान्याच्या आवारात मतदान केंद्र मलाही नको, कारण चेअरमनच पुष्कळदा आमदार असतो नाहीतर व्हायचा असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवा, कर्मचारी बाहेरच्या तालुक्यातले आणा, आणि त्या दिवशीचा खाडा कारखान्याच्या बिलातून कापा. यात न जमण्यासारखं काय आहे, ते त्या ग्रुपवरच्या गृहस्थांनी कमेंटमध्ये सांगावं.