शब्दांना फक्त ७ टक्के? हा हिशेब आला कुठून ते तरी पाहा

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत, मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या क्लासांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो साधारण असा: "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. म्हणून काय बोलता यापेक्षा कसं बोलता हे महत्त्वाचं. माणूस मरणाला भीत नाही इतका भाषणाला भितो. पण व्यासपीठावर जाण्याआधी दोन मिनिटं छाती पुढे काढून, कमरेवर हात ठेवून उभे राहा, आत्मविश्वास आपोआप येईल. नेता तोच, ज्याच्या नुसत्या उभं राहण्यातच दरारा असतो."

मी वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो आणि या मजकुराचा परिणाम मला तिथे समोर दिसतो. एका स्पर्धेत एक मुलगा शेतकरी आत्महत्यांवर बोलला. आवाजाचे चढउतार बिनचूक, थांबायचं तिथे थांबणं, मूठ आवळायची तिथे आवळणं, शेवटी डोळ्यांत पाणी. स्पर्धा संपल्यावर चहा घेताना मी त्याला सहज विचारलं, "हमीभाव जाहीर कोण करतं रे?" त्याला सांगता आलं नाही. बँकेचं पीककर्ज आणि सावकाराचं कर्ज यांत शेतकऱ्याला नेमका काय फरक पडतो, तेही नाही. मुलगा हुशार होता, मेहनती होता. त्याने तालीमही भरपूर केली होती, पण विषय कोणी त्याच्याकडून करूनच घेतला नव्हता. त्याच्यावर नव्हे, त्याला तयार करणाऱ्यांवर माझा राग आहे. म्हणून या मजकुरातला एकेक दावा घेऊन बोलतो.

"शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

हे आकडे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ साली दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात सुटे नऊ शब्द ध्वनिमुद्रित केले होते. तीन गोड: 'हनी', 'डिअर', 'थँक्स'. तीन कडू: 'डोन्ट', 'ब्रूट', 'टेरिबल'. आणि तीन ना गोड ना कडू: 'मेबी', 'रिअली', 'ओ'. हे शब्द आपुलकीच्या, कोरड्या आणि नाराजीच्या सुरांत म्हणून घेतले आणि ऐकणाऱ्यांना एवढंच विचारलं, की बोलणाऱ्या बाईच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना असावी. दुसऱ्या प्रयोगात तर शब्द एकच होता, 'मेबी'. तो वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत वेगवेगळे भाव असलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. त्यात चेहऱ्याचं वजन आवाजाच्या साधारण दीडपट निघालं. या दोन निष्कर्षांची सांगड घालून ७, ३८ आणि ५५ ही विभागणी मांडली गेली.

आता या प्रयोगांत काय नव्हतं ते बघा. एकही पूर्ण वाक्य नव्हतं. भाषण नव्हतं, मुद्दा नव्हता, उदाहरण नव्हतं, कोणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. आणि ज्या ५५ टक्क्यांना आपल्याकडे 'देहबोली' म्हणतात, ते फक्त चेहऱ्यावरच्या भावांचे आहेत, तेही फोटोतल्या. हातवारे, उभं राहायची ढब, व्यासपीठावरचं चालणं यातलं काहीही तिथे मोजलेलंच नाही. तरी त्याच आकड्याच्या जोरावर मुलांकडून हातवारे घोटून घेतले जातात.

मग प्रयोगांनी सांगितलं तरी काय? आपल्या घरोघरी माहीत असलेली गोष्ट. दारात पाहुणा येतो. घरातलं माणूस "या ना, बसा" म्हणतं, पण आवाज कोरडा आणि कपाळावर आठी. पाहुणा काय ते ओळखतो आणि "जरा घाई आहे" म्हणून चहाला न थांबता निघतो. शब्द एक सांगतायत आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी मनातली भावना ओळखायला माणूस चेहऱ्याकडे बघतो. मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट लिहिलंय, की बोलणारा आपल्या भावनांविषयी किंवा आवडीनिवडीविषयी बोलत नसेल, तर हे समीकरण लागू होत नाही. ज्यांच्या नावावर हा दावा चालतो त्यांनीच घालून दिलेली ही मर्यादा. फिरणाऱ्या मजकुरात ती कधीच नसते.

"काय बोलता यापेक्षा कसं बोलता हे महत्त्वाचं."

डॉक्टरांनी फोनवर "गोळी जेवणाआधी घ्या" म्हटलं की "जेवणानंतर", हे कुठल्या टक्क्यांत बसवायचं? फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून रोग्याला निम्म्याहून अधिक कळलं नाही असं होतं का? बाळ पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकणाऱ्या पिढीला मैदान दिसत नव्हतं आणि समालोचकाचा चेहराही नाही. सामना मात्र चेंडूगणिक कळत होता.

यापेक्षा मोठी उदाहरणं आपल्याच इतिहासात आहेत. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा होण्याआधी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर टिळक मोजकंच बोलले. ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या शक्ती या न्यायासनाहून श्रेष्ठ आहेत. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या हालअपेष्टांनीच माझं कार्य पुढे जावं अशी ईश्वरी इच्छा असेल, असा त्या बोलण्याचा आशय. ती वाक्यं आज त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेली आहेत. ती वाचताना टिळकांचा आवाज कोणाच्या कानात नसतो, तरी अंगावर काटा येतो.

डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण घ्या. २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीने भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा इशारा त्यात आहे. तो ज्यांच्या आयुष्याला वळण देऊन गेला, त्यांतल्या बहुतेकांनी हे भाषण छापील पानावर वाचलेलं आहे.

याचा अर्थ आवाज, नजर, थांबणं हे सगळं गौण असा मुळीच नाही. शेवटच्या रांगेला ऐकूच गेलं नाही तर उत्तम मुद्दाही वाया जातो, आणि कागदात डोकं खुपसून भरधाव वाचलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. पण कुठे थांबायचं हे त्या वाक्यात काय आहे त्यावर ठरतं. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावाने मुकी जनावरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांना त्या माणसांच्या गळी उतरवायचं होतं. ती प्रश्नोत्तरांची ढब त्या सांगण्यातूनच आलेली आहे. सांगणं काढून घेतलं तर नुसत्या ढबीला अर्थ उरत नाही. वक्तृत्व शिकवताना हाच क्रम उलटा झालाय, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

"दोन मिनिटं छाती काढून उभे राहा, आत्मविश्वास आपोआप येईल."

हा दावा २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासातून आला. ४२ माणसं, दोन प्रकारच्या बैठका-उभ्या ढबी, आणि निष्कर्ष असा की रुबाबात बसल्या-उभ्याने शरीरातली संप्रेरकं (हार्मोन्स) सुद्धा बदलतात. संशोधकांपैकी एमी कडी यांच्या २०१२ च्या भाषणाने तो जगभर गेला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने सुमारे २०० जणांवर हाच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत बदल दिसला नाही आणि धोका पत्करण्याच्या वागण्यातही नाही. आपण ताकदवान आहोत असं वाटल्याचं लोकांनी सांगितलं, इतकंच. २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डाना कार्नी यांनी जाहीरपणे लिहिलं, की या परिणामावर आपला आता विश्वास नाही. ताठ उभं राहावं, श्वास मोकळा होतो, आवाज नीट निघतो. त्यापलीकडे त्या दोन मिनिटांकडून काही मागू नये.

"माणूस मरणापेक्षा भाषणाला जास्त भितो."

मूळ १९७३ च्या एका अमेरिकी पाहणीत. लोकांपुढे भीतीच्या गोष्टींची यादी ठेवली होती. ४१ टक्क्यांनी लोकांसमोर बोलण्यावर खूण केली, १९ टक्क्यांनी मृत्यूवर. म्हणजे भाषणाची भीती अधिक जणांना वाटते, एवढंच यातून निघतं. ती मरणाहून मोठी आहे असं नाही. पाण्याच्या टाकीतल्या पालीला घाबरणारी माणसं वाघाला घाबरणाऱ्यांहून जास्त सापडतील. २०१२ मध्ये अमेरिकेतच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असंच विचारलं. खुणा पुन्हा भाषणावरच जास्त पडल्या, पण सर्वांत मोठी भीती एकच निवडा म्हटल्यावर मृत्यू पहिला आला.

हा दावा निरुपद्रवी वाटतो, पण तो पहिल्यांदाच माईकसमोर जाणाऱ्या नववीतल्या मुलीला काय सांगतो? तुझ्या पोटात जो गोळा आलाय तो जगातल्या सर्वांत भयंकर भीतीचा आहे. त्यापेक्षा तिला एक खरी गोष्ट सांगा. २००३ मध्ये केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की बोलणाऱ्याला आपली धडधड जितकी उघड दिसते आहे असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट आधीच समजावून सांगितलेल्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. मी स्पर्धकांना हे सुरुवातीलाच सांगतो. बऱ्याच मुलांचे खांदे तिथल्या तिथे सैल पडतात.

"नेता तोच, ज्याच्या उभं राहण्यातच दरारा असतो."

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी करायची होती. ते उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि तिथून निघून गेले. खटला दुसऱ्या वकिलाने चालवला. लंडनमध्येही शाकाहारी मंडळाच्या बैठकांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

तेच गांधी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात तिथल्या हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांच्या सभेत बोलले. हे आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. मधल्या काळात त्यांचा आवाज काही बदलला नव्हता. पण समोर व्यापारी होते, व्यापारात सचोटी चालत नाही असं म्हणणारे, आणि विषय व्यापारातली सचोटी हाच होता. त्याची तयारी करून ते गेले होते. परक्या मुलखात तुमच्या वागण्यावरून सगळ्या हिंदी लोकांची परीक्षा होते, हे त्यांना सांगायचं होतं. सभेनंतर ते थांबले नाहीत. प्रिटोरियातल्या हिंदी माणसांच्या हालअपेष्टांची माहिती गोळा करत राहिले, ज्यांना इंग्रजी शिकायचं होतं त्यांच्या दुकानांत जाऊन शिकवत राहिले. नेतृत्व तिथून उभं राहिलं. दरारा त्यात कुठे होता?

हे काही फक्त थोरामोठ्यांच्या बाबतीत घडत नाही. एका गावच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी मागे उभा होतो. बचत गटातली एक बाई बोलायला उठली. पदर घट्ट धरलेला, मान खाली, आवाज इतका बारीक की पुढचे लोक "जरा मोठ्यानं" म्हणाले. हातात कालनिर्णयची फाडून आणलेली पानं. नळाला पाणी आलं त्या दिवसाला तिने पेनाने फुली केली होती. "जूनमध्ये नऊ दिवस," तिने वाचलं. "जुलैत अकरा. पाणीपट्टी मात्र पुऱ्या महिन्याची." आणि पानं टेबलावर ठेवून ती खाली बसली. सभेत आवाज चढवून बोलणारे बरेच होते, त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर मिळत होतं. या पानांना उत्तर नव्हतं. ग्रामसेवकांना ते आकडे इतिवृत्तात लिहून घ्यावे लागले, आणि पाण्याचा ठराव त्या आकड्यांसकट झाला. सभा संपल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या. पुढच्या महिन्याच्या फुल्या कोणी कोणत्या आळीत करायच्या, ते तिथेच ठरत होतं.

स्पर्धा भरवणाऱ्या महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. गुणपत्रिकेत आशयाला निदान निम्मे गुण ठेवा आणि प्रत्येक भाषणानंतर परीक्षकांना दोन प्रश्न विचारू द्या. विषय आठवडाभर आधी देत असाल तर सोबत हेही सांगा, की या विषयाशी रोज संबंध येणाऱ्या किमान एका माणसाशी बोलून या. शेतीवर बोलायचं तर बाजार समितीत, शिक्षणावर बोलायचं तर एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या बाईंशी. आवाजाचा आणि हातांचा सराव त्यानंतर करून घ्या, जरूर करून घ्या. तोपर्यंत मुलांकडे सांगण्यासारखं काहीतरी जमा झालेलं असेल.