चुकीचा दगड, चुकीचं घड्याळ

बायबलच्या आधारे पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं मानणाऱ्या निर्मितीवाद्यांशी वाद घालताना आपली विज्ञानवादी मंडळी एका जागी हमखास घसरतात. समोरचा म्हणतो, "माउंट सेंट हेलेन्सचा दहा वर्षांचा दगड प्रयोगशाळेत दिला, वय निघालं साडेतीन लाख वर्षं. आता बोला!" आपला माणूस लगेच म्हणतो, "फेक आहे." फेक अजिबात नाही. आकडा खरा आहे, आणि म्हणूनच तो नीट समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हा ज्वालामुखी १९८० साली फुटला. मग विवरात लाव्हाचा घुमट वाढत गेला. त्यातला १९८६ च्या सुमारास गोठलेला दगड स्टीव्हन ऑस्टिन या निर्मितीवादी भूवैज्ञानिकाने १९९२ मध्ये उचलला आणि पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तपासून घेतला. अख्ख्या दगडाचं वय साधारण साडेतीन लाख वर्षं आलं, त्यातून वेगळ्या काढलेल्या पायरॉक्सिन या खनिजाचं तर २८ लाखांपर्यंत गेलं.

आता हे घड्याळ चालतं कसं ते बघा. पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. विघटन होणाऱ्या अणूंपैकी जेमतेम ११ टक्क्यांचा आर्गॉन-४० होतो, बाकीच्यांचा कॅल्शियम. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन वायू निसटून जातो, म्हणून गोठताना घड्याळ शून्यावर येतं असं धरतात. तरुण दगडाची अडचण हिशेबातच आहे. पोटॅशियम-४० चे एक अब्ज अणू घेतले तर दहा वर्षांत त्यातून सरासरी आर्गॉनचा एक अणूसुद्धा पुरा तयार होत नाही. आणि आपल्या भोवतालच्या हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन भरलेला! दगडाच्या भेगांत अडकलेला हवेतला आर्गॉन वजा करून उरलेला मोजायचा, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर वेलदोडा तोलायचा.

दुसरी भानगड स्फटिकांची. वर येणारा लाव्हा निव्वळ पातळ रस नसतो. खाली मॅग्माच्या कोठीत असतानाच काही स्फटिक घट्ट झालेले असतात आणि त्यांनी खोलवरचा आर्गॉन पोटात धरून ठेवलेला असतो. पायरॉक्सिनमध्ये पोटॅशियम अगदीच थोडं. वय काढतात ते आर्गॉन भागिले पोटॅशियम यावरून; छेदात इतकी छोटी संख्या आणि अंशात बाहेरून आलेला आर्गॉन असल्यावर वय फुगणारच. दगड जितका तरुण आणि पोटॅशियम जितकं कमी, तितका हा घोटाळा मोठा.

बरं, हे भूवैज्ञानिकांना ऑस्टिनने शिकवलं का? नाही. ब्रेंट डॅलरिंपल या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९६९ मध्येच इतिहासात तारीख नोंदलेले २६ लाव्हा प्रवाह मुद्दाम तपासले होते. १८ मध्ये जादा आर्गॉन सापडला नाही, काहींत सापडला. ही पद्धत कुठे फसू शकते हे त्यांनी स्वतःच छापून ठेवलं, ऑस्टिनच्या नमुन्याआधी २३ वर्षं.

हेच पोटॅशियमचं घड्याळ नीट वापरलं की काय होतं, याचं उदाहरण इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं. इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई गाडणाऱ्या उद्रेकातला सॅनिडिन घेतला. हे भरपूर पोटॅशियमचं खनिज. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात, मग टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यातला वायू वेगळा मोजतात. १९९७ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: १९२५ वर्षं, अधिक-उणे ९४. खरं वय १९१८. या दगडातही थोडा जादा आर्गॉन होताच. तो पकडला गेला आणि हिशेबातून बाजूला काढला गेला. कसा, ते आयसोक्रॉन समजलं की कळतं.

"सुरुवातीला किती होतं ते तुम्ही बघायला गेला होतात का?" हा निर्मितीवाद्यांचा लाडका प्रश्न. प्रश्न रास्त आहे, आणि आयसोक्रॉन हे त्याचंच उत्तर. रुबिडियम-८७ चा स्ट्रॉन्शियम-८७ होतो. एकाच मॅग्मातून गोठलेल्या खनिजांत रुबिडियम कमी-जास्त असतं, पण स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर सुरुवातीला सगळ्यांत सारखंच, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही एकच मूलद्रव्य. काळ जातो तसं जास्त रुबिडियमवाल्या खनिजात ते गुणोत्तर जास्त वाढतं. एकाच दगडातले पाच-सहा तुकडे मोजून आलेखावर मांडा, आडव्या अक्षावर स्ट्रॉन्शियमच्या तुलनेत रुबिडियम आणि उभ्या अक्षावर ते गुणोत्तर: सरळ रेषा आली तर तिचा चढ वय सांगतो, आणि उभ्या अक्षाला ती जिथे छेदते तिथे सुरुवातीचं गुणोत्तर. गृहीत धरावं लागत नाही, मोजलं जातं. दगड मधे पुन्हा तापला असेल, पाण्याने काही धुऊन नेलं असेल, तर बहुतेक वेळा ठिपके विस्कटतात आणि "हा नमुना बाद" हे तिथेच दिसतं. एक खोटी रेषाही असते, दोन वेगळ्या मॅग्मांच्या मिसळणीतून येणारी. ती ओळखायला तेच गुणोत्तर स्ट्रॉन्शियमच्या एकूण प्रमाणाच्या व्यस्ताविरुद्ध मांडून बघतात. तिथेही सुरेख सरळ रेषा आली तर सावध व्हायचं.

मग शेवटचा आसरा: "पूर्वी विघटनाचा वेगच जास्त होता." निर्मितीवाद्यांच्या 'रेट' नावाच्या प्रकल्पाने २००५ मध्ये हेच मांडलं, पण त्यांना दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या. एक, आजच्या वेगाने ५० कोटी वर्षांहून जास्त लागतील इतकं विघटन खडकांत झालेलं दिसतं. दोन, ते थोडक्या काळात कोंबलं तर निघणाऱ्या उष्णतेने पृथ्वी वितळेल, आणि ती उष्णता गेली कुठे याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. त्यांचे फॉरवर्ड पाठवणारे मात्र ही पानं गाळतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर बुलढाण्याचं लोणार घ्या. ऊष्मादीप्ती पद्धतीने, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून, तिथल्या आघाती विवराचं वय ५२ हजार वर्षं आलं, आर्गॉन-आर्गॉनने ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! "बघा, शास्त्रज्ञांचंच जमत नाही." पण आघाताने वितळलेला दगड मुळात दख्खनच्या जुन्या बेसाल्टचाच. जुना आर्गॉन पुरता निघून गेला नसेल तर वय फुगतं, म्हणून तिथे आयसोक्रॉन लागतो. ऊष्मादीप्तीत आघाताच्या वेळी घड्याळ शून्य झालं का, आणि नंतर पुन्हा तर झालं नाही ना, हे बघावं लागतं. भांडण आहे ते या मुद्द्यांवर. ज्या काळ्या कातळात ते विवर पडलं, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. घाटात लाव्हाच्या थरांमध्ये तांबडे पट्टे दिसतात ना, त्यांत सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या युरेनियम-शिसे घड्याळानेही साधारण ६.६ कोटी वर्षंच दाखवली. मूलद्रव्य वेगळं, अर्धायुष्य वेगळं, चुकायच्या जागा वेगळ्या.

आता आपल्या घरचा दावा, कारण बायबलवाल्यांना हसणं सोपं असतं. "ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वी ४५४ कोटींची, म्हणजे ऋषींना माहीत होतं." पूजेला बसल्यावर संकल्प ऐकता ना? श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युग, कलियुगाचा प्रथम चरण. यावरून सरलेला काळ काढा: सहा मन्वंतरं आणि त्यांच्या मधले सात संधिकाळ मिळून १८५ कोटी २४ लाख, सत्तावीस महायुगांचे ११ कोटी ६६ लाख, चालू महायुगातल्या कृत-त्रेता-द्वापाराचे ३८ लाख ८८ हजार, वर कलीची पाच हजारांवर. बेरीज सुमारे १९७ कोटी २९ लाख. ४३२ कोटी ही पूर्ण दिवसाची लांबी आहे, सरलेला काळ नव्हे. लांबीची तुलना वयाशी करायची हे गणितच चुकलेलं. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाचं खरं कौतुक वेगळंच आहे: ४३ लाख २० हजार वर्षांच्या महायुगात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या, अशा पूर्ण संख्या बसाव्यात म्हणून इतका मोठा आकडा घेतला. त्यातून नाक्षत्र महिना, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात चंद्राच्या एका फेरीचा काळ, काढून पाहा, थक्क व्हाल. पण ते ग्रहगणिताचं साधन आहे. त्यात कुणी दगड मोजलेला नाही.

विश्वाच्या वयातही गोंधळ झाला होता, तोही मोठा. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये काढलेल्या विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाने, दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ५०० किलोमीटर, विश्व दोन अब्ज वर्षांचं येत होतं. पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने निघाले! लेक आईपेक्षा मोठी. चूक सापडली १९५२ मध्ये: वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की अंतर मोजायला वापरलेले सेफीड तारे (ज्यांचं तेज ठरावीक लयीत कमी-जास्त होतं) दोन जातींचे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली होती. अंतरं दुप्पट झाली, वयही दुप्पट. आज प्लँक उपग्रहाच्या मोजमापावरून १३.८ अब्ज येतं, तरी हबल स्थिरांक, म्हणजे तोच प्रसरणाचा वेग, ६७ की ७३ यावर जोरदार भांडण चालू आहे. ते आठ-नऊ टक्क्यांचं. सहा हजारांपर्यंत खाली यायचं तर २३ लाख पटींनी चुकावं लागेल.

आणि "नारळीकरांनाही बिग बँग मान्य नव्हता" हे वाक्य निर्मितीवादाच्या बाजूने फेकणाऱ्यांसाठी: हो, नव्हता. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये विश्वाची पर्यायी प्रतिकृती (मॉडेल) मांडली, बिग बँगचा पुरावा मानल्या जाणाऱ्या, अवकाशातून सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा वेगळा खुलासाही दिला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही. पण त्यांच्या विश्वाला मुळात सुरुवातच नाही. साक्षीला त्यांना बोलावलंत, तर ते सहा हजारांच्या बरोबर उलट्या टोकाला उभे दिसतील.